पहिल्या मजल्यावरचा पानमळा

कुठल्याही दुकानात गेल्या तरी आमच्या घरमालकीण काकू आधी भाव विचारत नसत. वस्तू हातात घेऊन त्या विचारत, "याचं पहिलं काय बिघडतं?" मग तो पंखा असो, मिक्सर असो की साधी छत्री. बहुतेक दुकानदार गडबडून म्हणत की काकू, काही बिघडत नाही, कंपनीचा माल आहे. काकू वस्तू हळूच जागेवर ठेवत आणि दुसऱ्या दुकानाकडे वळत. एखादाच जरा विचार करून सांगे, की याचं बेअरिंग लवकर जातं, किंवा वायर इथे मुडपून तुटते. अशा माणसासमोर त्या स्टूल ओढून बसत, आणि मग त्याच्याशी घासाघीस करत नसत.

मी आणि माझे बाबा त्यांचे भाडेकरू होतो. वसईत जिथे त्यांच्या वडिलांची वाडी होती, तिथेच आता आमची बिल्डिंग उभी होती. भावांनी वाडी बिल्डरला दिली तेव्हा काकूंच्या वाट्याला पहिल्या मजल्यावरचे शेजारशेजारचे दोन फ्लॅट आले. एकात त्या एकट्या राहत, दुसरा आम्हाला दिलेला. त्याआधी आम्ही मनवेलपाड्याला चाळीत होतो. बाबा रंगाच्या कारखान्यात आयुष्यभर राबले होते आणि त्यांची फुप्फुसं निकामी होत आली होती. एका मजल्यापेक्षा जास्त जिना त्यांना चढवत नव्हता, आणि मोकळी हवा लागत होती. पहिल्या भेटीत काकूंनी आमचं आडनाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. बाबांचा श्वास मात्र त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "पश्चिमेची खोली दादांना दे, बाय. तिथून वारा येतो."

त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. सातिवलीच्या एका कारखान्यात परचेस खात्यात नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. बहिणीशी फोनवर बोलताना त्यांची बोली अशी काही बदलायची की भिंतीपलीकडून ऐकताना मला निम्मंसुद्धा कळायचं नाही. आमच्याशी मात्र स्वच्छ, मोजकं बोलत.

आम्ही राहायला गेलो तेव्हा त्यांची आतली खोली रिकामी होती. तिची खिडकी शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीवर उघडायची. हात बाहेर काढला तर भिंतीला लागेल इतकी ती जवळ. त्या खोलीत ऊन कधीच येत नसे. कपाट नाही, पलंग नाही, नुसता एक मोठा पंखा भिंतीत बसवलेला, आणि मध्ये दोरीवर ओले टॉवेल. मला वाटलं, काकू तिथे कपडे वाळवतात. पण टॉवेल वाळले की त्या पुन्हा भिजवून तिथेच टांगायच्या. कधी भिंतीजवळ, कधी कोपऱ्यात, कधी जमिनीलगत. असं महिनाभर चाललं. बिल्डिंगमधले लोक म्हणू लागले की बाईंचं डोकं फिरलं. बाबा मात्र म्हणाले, "डोकं फिरलेला माणूस रोज जागा बदलत नाही."

शेवटी मीच विचारलं. तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर, गॅसपासून लांब, एका कुंडीत पानवेल होती. विड्याचं पान. वाडी बिल्डरच्या ताब्यात जायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी वडिलांच्या पानमळ्यातून एक फांदी काढून आणली होती. "ही आत लावायची आहे," त्या म्हणाल्या, "खोलीभर." मी म्हटलं, आत तर ऊनच नाही. त्या म्हणाल्या, "ऊन विकत मिळतं, बाय. हवा हलवणं अवघड. ओला टॉवेल कुठे किती वेळात वाळतो ते कळलं, की कुठे हवा कोंडते ते कळतं. ते कळल्याशिवाय मी दिवा घेणार नाही."

त्या दिवसापासून मी त्यांच्या नादाला लागले. मी घरूनच एका विमा कंपनीचं काम करायचे, त्यामुळे दुपारी जरा मोकळी असे. बंद खोलीत झाड वाढवायचं सामान कसं घ्यावं, कशावर किती खर्च करावा, हे सांगणारं मराठीत काहीच नव्हतं. इंग्रजीत मात्र व्हिडिओंचा पूर लोटलेला. ते सगळे परदेशातल्या पोरांचे होते, आणि त्या पोरांनी कपाटाएवढ्या काळ्या तंबूत लावलेलं झाड वेगळंच होतं. पहिल्याच व्हिडिओत मी थबकले.

"काकू, हा गांजा आहे," मी म्हटलं.

"दिसतंय मला. त्याने पंखा कुठे लावलाय ते बघ."

तिकडे त्याला परवानगी असेल, आपल्याकडे नाही, असं मी सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. गांजात त्यांना तिळाएवढाही रस नव्हता. त्या म्हणाल्या की बंद खोलीत झाड जगवायची गरज ज्याला सगळ्यात जास्त, त्यालाच त्यातलं सगळ्यात जास्त कळणार. चोराला कुलूप कळतं तसं. मग आम्ही दुपारच्या दुपार ते व्हिडिओ बघत बसायचो. तो पोरगा काय म्हणतो ते मी मराठीत सांगायची, आणि काकू त्याचा चेहरा बघायच्या. एकजण महागड्या दिव्याचं फार कौतुक करत होता. काकू म्हणाल्या, "बंद कर. याला दिवा फुकट मिळालाय." दुसरा एक दाढीवाला, जरा दमलेला, सांगत होता की पहिल्यांदा तुम्ही जो हिशेब मांडाल तो चुकणारच, कारण दिव्याची किंमत धराल आणि दिव्याच्या उष्णतेची धरणार नाही. मी हे सांगताच काकू पुढे सरकून बसल्या. "हा खरं बोलतो. याचं झाड एकदा मेलंय." त्या दाढीवाल्याचे सगळे व्हिडिओ आम्ही बघितले. काकू त्याला 'आपला तो' म्हणायच्या.

त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक वस्तूवर पैसे तीनदा जातात: घेताना, चालवताना आणि दुरुस्त करताना. दुकानदार फक्त पहिला आकडा सांगतो आणि आपणही तेवढाच ऐकतो. म्हणून त्या उलट्या बाजूने मोजायच्या. आधी विजेचं बिल किती सोसवेल ते ठरवायचं, त्यातून किती दिवे चालतील ते काढायचं, आणि मग दिव्याच्या दुकानात जायचं. हे सगळं तोंडी. गॅलरीत फेऱ्या मारता मारता त्या पुटपुटत असत, आणि मध्येच थांबून म्हणत, "नाही, ती कुंडी मातीची नको. वजन." की समजायचं, सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

भिंतीतला तो मोठा पंखा त्यांनी सातिवलीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून उचलला होता. दुसरा आणायला गेल्या तेव्हा मी बरोबर होते. गोदामात पंख्यांचा ढीग होता. काकूंनी एकेक लावायला सांगितला, स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंख्याच्या पाठीवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून आतल्या बेअरिंगचा आवाज ऐकला. भंगारवाला माझ्याकडे बघून हसत होता. हळूहळू त्याचं हसू गेलं. काकूंनी ढिगातला सगळ्यात कळकट पंखा निवडला. तो शेवटपर्यंत कुरकुरला नाही.

दिवे मात्र त्यांनी पहिल्यांदा स्वस्तातले घेतले, जांभळ्या उजेडाचे. वेलीला सावलीच लागते, तिला फार उजेड नको, एवढ्या पैशात भागेल, असा त्यांचा अंदाज. त्या दिव्यांनी आमच्याकडे पोलीस आणले.

झालं असं, की खिडकीच्या फटीतून तो जांभळा उजेड समोरच्या भिंतीवर पडायचा. पंखे सतत चालू. खोलीला कुलूप. काकू आठवड्याला काही ना काही खोके आणत होत्या. शेजारच्या बिल्डिंगमधल्या कुणीतरी दोन आणि दोन चार केले आणि कळवलं. एका दुपारी एक हवालदार आणि एक महिला शिपाई दारात उभे राहिले. हवालदार वयस्क होता, किनाऱ्यावरच्या गावातला असावा. तो अवघडून म्हणाला, "मावशी, आत काय लावलंय तुम्ही?"

"पायातले काढा, पाय धुवा, मग दाखवते," काकू म्हणाल्या.

"आम्ही चौकशीला आलोय."

"मग नीट धुवा. बुटांतून रोग येतो."

दोघांनी न्हाणीघरात पाय धुतले. काकूंनी कुलूप उघडलं. मी मागे उभी होते. तोवर वेली छातीएवढ्या झाल्या होत्या. काथ्या गुंडाळलेल्या बांबूंच्या रांगा, प्रत्येक बांबूवर केळीच्या सोपटाने सैलसर बांधलेली वेल, पानं एकाच दिशेला जराशी हलणारी. बाहेर मे महिन्याची काहिली होती, आणि आत पहाटेच्या वाडीसारखा ओला गारवा. हवालदार दारातच थांबला. त्याने तपासणी वगैरे काही केली नाही. वेलींकडे वाकून तो म्हणाला, "आणि पानी कसं घालता?" काकूंनी त्याला थेंबाथेंबाने पाणी सोडणारी नळी दाखवली. मग त्याने विजेरी मारून वेली जवळून बघितल्या, पंख्याचं विचारलं, कुंडीचं विचारलं. महिला शिपाई म्हणाली, "साहेब, निघायचं का?" तेव्हा तो भानावर आला. काकूंनी दोघांच्या हातावर दोनदोन पानं ठेवली. ती दोघं खाली गेल्यावर मला हायसं वाटलं, पण काकूंचं लक्षच नव्हतं. त्या वेलीपाशी वाकून म्हणाल्या, "हवालदाराने विजेरी मारली तेव्हा दिसलं. या जांभळ्या उजेडात पानावरचा डाग दिसत नाही. दिवे बदलायला हवेत." आणि गॅलरीत फेऱ्या सुरू झाल्या.

नवे पांढरे दिवे आले. त्यानंतरचा खर्च सगळ्यात मोठा होता आणि तो कुणालाच पटला नाही. काकूंनी इन्व्हर्टर आणि चार दांडग्या बॅटऱ्या घेतल्या. पूर्ण बिल्डिंग चालेल एवढं कशाला, असं बाबासुद्धा म्हणाले. काकूंनी त्यांना समजावलं की दिवे गेले तर वेल चार दिवस उपाशी राहील, तिचं काही बिघडणार नाही. पण पंखे थांबले आणि दमट हवा कोंडली, की बुडाशी कुज लागते. ती एकदा लागली की थांबत नाही. "उपाशी वेल परत येते," त्या म्हणाल्या. "कोंडलेली येत नाही."

ती खोली हळूहळू छतापर्यंत भरली. काकू पानं विकत नसत. आसपासच्या लग्नांना, पूजांना देत. लोक पाय धुऊन बघायला येत आणि आत गेले की आवाज खाली आणून बोलत. तसं करायला कुणी सांगितलेलं नसे. आमच्या भिंतीतून त्या पंख्यांची घरघर अहोरात्र ऐकू यायची. बाबांच्या खोलीत आता ऑक्सिजनचं मशीन आलं होतं. त्याची घरघर आणि वेलींची घरघर एकमेकींत मिसळून जायची. बाबा म्हणायचे, "आम्ही सगळे एकाच सलाईनवर आहोत."

मग एका पावसाळ्यात पाणी चढलं. वसईला पाणी साचणं नवीन नाही, पण या वेळी ते उतरेचना. खालचा मीटरचा खोका पाण्याखाली गेला आणि अख्ख्या बिल्डिंगची वीज तोडली. रस्त्यावर कमरेइतकं पाणी. बाबांसाठी ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर दुपारपर्यंत पुरला आणि संपला. मी फोनवर फोन लावत होते. गाडी येऊ शकत नव्हती, दवाखान्यातही पाणी शिरलं होतं. बाबांचे ओठ निळसर दिसायला लागले.

तेवढ्यात मला काहीतरी वेगळं जाणवलं आणि काय ते कळायला क्षण लागला. भिंतीतली घरघर थांबली होती. काकूंचे पंखे बंद झाले होते. मी दार उघडलं तर काकू एक्स्टेन्शनची लांब वायर सोडत आमच्याच दाराकडे येत होत्या. मी त्यांना काही मागितलं नव्हतं. मागायचं मला सुचलंही नव्हतं. त्यांनी बाबांच्या मशीनची पिन काढून त्यांच्या वायरीत खोचली. मशीनने आवंढा गिळल्यासारखा आवाज केला आणि ते चालू झालं.

"काकू, वेली," मी म्हटलं.

"डॉक्टरला फोन लाव. आकडा किती खाली गेला तर चालेल ते विचार."

पुढचं जे झालं ते आठवलं की मला अजूनही त्या बाईंपुढे लहान झाल्यासारखं वाटतं. बॅटऱ्या मोठ्या होत्या, पण मशीनही विजेला खादाड होतं. सलग चालवलं असतं तर बॅटऱ्या रात्रभर पुरल्या नसत्या. काकू बाबांच्या उशाशी खुर्ची घेऊन बसल्या. बाबांच्या बोटाला लावलेल्या, रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या चिमट्यावरचा आकडा बघत राहिल्या. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेल्या पातळीच्या वर तो गेला की मशीन बंद. खाली यायला लागला की चालू. मध्ये बाबांना बोलू द्यायचं नाही, हलू द्यायचं नाही, उशी अशी ठेवायची की छाती मोकळी राहील. बाबा घाबरून श्वास जोरात ओढायला लागले की त्या म्हणत, "दादा, हळू. आहे ते पुरवायचंय." आवाज असा, की जणू दोघं मिळून मिठाची बरणी पुरवून वापरताहेत. बाबा खरोखरच हळू श्वास घ्यायला लागायचे. थोडा वेळ मी बसू का म्हणून विचारलं. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. त्या उठल्याच नाहीत. एकदाही त्यांनी भिंतीकडे, त्यांच्या खोलीच्या दिशेला, बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांच्या जुन्या कारखान्यातल्या एका सोबत्याने ट्रॅक्टरवरून सिलिंडर आणला. तेव्हा बॅटऱ्यांत नावालाच जीव उरला होता. बाबा वाचले. काकू खुर्चीतून उठल्या, कंबर धरून घरी गेल्या आणि झोपल्या.

वीज यायला त्यानंतरही बरेच दिवस गेले; तोवर तो सोबती सिलिंडर पोचवत राहिला. आली त्या सकाळी मी त्यांच्याकडे धावले. खोलीचं दार सताड उघडं होतं आणि सडका वास जिन्यापर्यंत येत होता. वेली काळ्या पडून बांबूंना लोंबत होत्या. हात लावला की बुडाशी लगदा. काकू त्या उपटून गोणीत भरत होत्या आणि फरशीवर चुना टाकत होत्या. मला रडू फुटलं. मी कसंबसं म्हटलं, की तुमच्या वडिलांची वेल होती.

"त्यांची कुठली," काकू म्हणाल्या. "केळव्याच्या पुढून आणली होती त्यांनी. मी लहान होते. ओल्या गोणपाटात गुंडाळून, डोक्यावर टोपलीत घेऊन आले होते." त्यांनी गोणीचं तोंड बांधलं आणि ती माझ्याकडे सरकवली. "ही खाली ठेव. पाऊस सरला की आपण जाऊ."

बाबा त्यानंतर दोन वर्षं जगले, शेवटपर्यंत त्या पश्चिमेच्या खोलीत. ते गेल्यावर मी वसई सोडली. काकूंची खोली तोवर पुन्हा छतापर्यंत भरलेली होती. पण काकू म्हटलं की मला ती खोली आठवत नाही. केळव्याच्या पुढच्या त्या गावातली सकाळ आठवते.

पाऊस सरल्यावर आम्ही दोघी गेलो. पानमळा होता एका म्हाताऱ्या बागायतदाराचा. सुपारीच्या बागेत, चहूबाजूंनी झावळ्यांचं कूड घातलेला, आत हिरवा अंधार. म्हाताऱ्याने आम्हाला ओटीवर बसवलं, पाणी दिलं. काकू कुज कशी लागते, पाणी किती द्यावं असं बोलत गेल्या तसा तो सावरून बसला. कुणाकडे शिकलात, त्याने विचारलं. वडिलांकडे, काकू म्हणाल्या. मग तो उठला, म्हणाला, फांद्या काढून आणून देतो, तुम्ही इथेच थांबा. काकू म्हणाल्या की त्यांना स्वतः निवडायच्या आहेत. म्हातारा ओशाळला. त्यांच्या घरची जुनी रीत होती, पानमळ्यात बायकांनी पाऊल टाकायचं नाही. वेल विटाळाने सुकते म्हणतात. त्याने हे अगदी मऊ आवाजात सांगितलं, आणि आम्हाला कुडापर्यंत यायला हरकत नाही, असंही म्हणाला.

आम्ही कुडाशी उभ्या राहिलो. काकूंनी झावळीची एक फट बोटांनी रुंदावली आणि आत बघू लागल्या. बघता बघता त्या माझ्याशी बोलू लागल्या, नेहमीच्याच आवाजात. त्यांच्या वडिलांचीही हीच रीत होती. चौघा भावांना ते हाताला धरून आत नेत. एकालाही गोडी नव्हती. काकू बाहेर उभ्या. बांधणी कशी करतात, पाणी कुठून वळवतात, रोगट पान कसं ओळखतात, सगळं त्यांनी अशाच एका फटीतून बघितलं होतं. वडील गेले, भावांनी वाडी विकली, तोवर त्या पानमळ्यात कधीच शिरल्या नव्हत्या. ओट्यावरच्या कुंडीतली ती फांदीसुद्धा त्यांनी कुडातून हात घालून, मिळेल तेवढी तोडून आणली होती.

छतापर्यंत भरलेल्या त्या खोलीतलं एकूणएक, एका लहान मुलीने कुडाबाहेर उभं राहून गोळा केलं होतं.

म्हातारा आत रांगेतून चालला होता. काकू कुडाच्या दाराशी गेल्या आणि ते लोटलं.

"बाई, बायका येत नाहीत आत," म्हातारा म्हणाला.

"माहीत आहे," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

तो कोयती हातात धरून उभा राहिला. काकू पहिल्या वेलीपाशी थांबल्या, वाकल्या, बुडाशी बोट लावून बघितलं, पान उलटं करून बघितलं, आणि पुढच्या वेलीकडे सरकल्या. तिथेही तसंच. घाई अजिबात नव्हती. म्हाताऱ्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्या पाठीकडे. मला वाटलं, आता ओरडेल. काकू मधल्या रांगेत पोचल्या तेव्हा त्याने खाकरून घसा साफ केला आणि जरा मोठ्याने म्हणाला, "तिथल्या नका घेऊ. त्या टोकाला जा. तिकडच्या निरोगी आहेत."